दोन दिवस नॅचेझला



दिवाळीच्या सुट्टीत मी अमेरिकेत धाकट्या बहिणीकडे जाऊन आले, हे मागे एकदा ओझरतं लिहिलं होतं. त्यावर दोन-तीन वाचक भगिनींनी विचारलं, "आमची मुलंही तिकडे आहेत. उद्या आम्ही गेलो तर शनिवार-रविवारी कुठे जावं? लहान मुलं, म्हातारी माणसं, खाण्याचा प्रश्न, सगळं जमेल असं एखादं ठिकाण सांगा." न्यूयॉर्क आणि नायगारा सगळ्यांना माहीत आहेत. मी आज एका छोट्या गावाबद्दल लिहिते. कसं जावं, काय पाहावं हे तर सांगतेच. पण त्या दोन दिवसांची आखणी करताना आम्हा बहिणींत जो वाद झाला, तोही सांगते. कारण तो वाद प्रत्येक घरात होण्यासारखा आहे.

बहीण लुईझियाना राज्यात बॅटन रूज शहरात राहते. तिथून हायवे ६१ धरून उत्तरेला साधारण नव्वद मैल गेलं, की मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ गाव लागतं. पावणेदोन तासांचा रस्ता. गावाची वस्ती २०२०च्या जनगणनेत साडेचौदा हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर उंच कडा आहे, नदीपासून दोनशे फुटांच्या आसपास. त्या कड्यावर हे गाव वसलेलं आहे. फ्रेंचांनी १७१६ साली इथे किल्ला बांधला. नंतर इंग्रज आले, मग स्पॅनिश आले, आणि १७९८ साली गाव अमेरिकेच्या ताब्यात गेलं. जुनी विटांची घरं, पांढऱ्या खांबांचे वाडे, मोठमोठी ओकची झाडं आणि खाली संथ वाहणारी रुंद नदी. फोटोत पाहिलं तरी जावंसं वाटावं असं गाव आहे.

बहिणीनं फोटोच पाहिले होते. "आपा, इथे जाऊ. दोन दिवस शांत बसू. मला काहीही शिकायचं नाही, काहीही समजून घ्यायचं नाही." हे ती का म्हणाली ते मला कळत होतं. आदल्या वर्षी आमचे अब्बा गेले तेव्हा तिला कागदपत्रांच्या अडचणीमुळे येता आलं नाही. जनाजा तिनं फोनच्या पडद्यावर पाहिला. त्यानंतर ही तिची पहिली सुट्टी.

आणि मी, सवयीनं मास्तरीण, जाण्याआधी गावाचा इतिहास वाचून बसले होते. मी म्हटलं, "वाडे पाहूच. पण गुलामांचा बाजार भरायचा ती जागाही तिथेच आहे. तीही पाहू."

ती म्हणाली, "पोरांना सुट्टीत बेड्या दाखवायच्या? धाकटा आठ वर्षांचा आहे आपा."

मेहुणे गाडी चालवणार होते. ते शहाणपणानं गप्प राहिले.

आखणी

आधी व्यवहाराचं सांगते.

जायचा काळ मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर ठेवा. उन्हाळ्यात तिथे आपल्या कोकणासारखा घाम निघतो. वसंतात अझेलियाची झाडं फुललेली असतात. खासगी मालकीचे जुने वाडेही त्या दिवसांत लोकांना पाहायला उघडतात. ही प्रथा १९३२ सालापासून आहे. तेव्हा गर्दी जास्त असते, खोल्या महाग होतात. नोव्हेंबरात गर्दी नव्हती, हवा छान होती. पण घड्याळ मागे घेतल्यावर सूर्य पाच-सव्वापाचलाच मावळतो. दिवस लहान म्हणून सकाळ वाया घालवू नका. आम्ही शनिवारी फज्रनंतर लगेच निघालो.

राहायला गावाच्या मध्यभागी, कड्याच्या जवळ जागा घ्या. मग गाडी न काढता बरंच पायी पाहता येतं. जुन्या वाड्यांमध्येही नाश्त्यासह खोल्या मिळतात. तिथे राहायचं असेल, तर नाश्त्यात डुकराचं मांस नको हे आधीच फोनवर सांगा. सांगितलं तर लोक आनंदानं अंडी आणि फळं ठेवतात.

दक्षिणेच्या जेवणाबद्दल सावध राहा. मांसाचं आपण विचारतोच, पण इथे भाजीतही डुकराचं हाड असतं. कॉलर्ड नावाची पालेभाजी त्यात शिजवतात. राजम्यासारख्या लाल घेवड्यात सॉसेज घालतात. मक्याच्या पावाला कधी कधी चरबी लावलेली असते. पिकान नटचा गोड पाय प्रसिद्ध आहे, पण त्यात काही ठिकाणी बर्बन दारू घालतात. प्रत्येक वेळी विचारा, लाजू नका. तळलेली कॅटफिश मिळते. ती कशाच्या तेलात तळली तेवढं विचारलं की झालं. बहिणीनं शामी कबाब, पराठे आणि ठेचा बर्फाच्या पेटीत घेतला होता. खोलीत मायक्रोवेव्ह होता. शनिवारचं दुपारचं जेवण नदीकाठी बाकावर झालं, आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांतलं तेच सर्वांत चविष्ट.

रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं. बरीच दुकानं आणि काही संग्रहालयं दुपारपर्यंत उघडत नाहीत. म्हणून तिकिटाची ठिकाणं शनिवारी आणि उघड्या मैदानातली ठिकाणं रविवारी सकाळी, अशी वाटणी करा.

या वाटणीनंच आमचा वाद तात्पुरता मिटला. शनिवार बहिणीचा आणि रविवारची सकाळ माझी, असं ठरलं.

शनिवार

पहिल्यांदा मेलरोझ पाहिलं. १८४०च्या दशकात एका श्रीमंत वकिलानं बांधलेला हा वाडा आता राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे. आवारात फिरायला मोकळीक आहे. घर मात्र तिथल्या मार्गदर्शकाबरोबरच पाहावं लागतं. बहीण खूश होती. मोठे आरसे, नक्षीदार खुर्च्या, उंच छत, मागे बाग.

जेवणाच्या दालनात लांब टेबलाच्या वर महोगनी लाकडाचं एक भलंमोठं, कोरीव काम केलेलं पान टांगलेलं आहे. मार्गदर्शक बाईंनी त्याचं नाव सांगितलं आणि आम्ही चमकून एकमेकींकडे पाहिलं. ती त्याला 'पंखा' म्हणाली! आपलाच शब्द. इंग्रजांच्या कचेऱ्यांमध्ये दोरीनं ओढायचे तसलाच पंखा हिंदुस्तानातून नाव घेऊन मिसिसिपीत पोहोचला होता. भाची हसली. तिचा धाकटा भाऊ मात्र दोरीकडे पाहत होता. त्यानं इंग्रजीत विचारलं, "ही दोरी कोण ओढायचं?"

बाईंनी सरळ उत्तर दिलं. "गुलाम मूल. बहुतेक तुझ्याच वयाचं. पाहुणे जेवेपर्यंत उभं राहून."

तो काही बोलला नाही. नंतर वाड्यामागे गुलामांच्या राहण्याच्या खोल्या आहेत, तिथे तो स्वतःहून आधी गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वाडा आणि बाजार असे दोन वेगळे दिवस आपण ठरवले होते, पण गावानं ते वेगळे ठेवलेलेच नाहीत.

दुपारी लाँगवूडला गेलो. हे घर पाहाच. आठ कोनांचं, सहा मजली उंचीचं, डोक्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट. भाची म्हणाली, "खाला, ही तर मशीद वाटते." त्या काळी श्रीमंतांना पूर्वेकडच्या घडणीचं वेड होतं. हॅलर नट नावाच्या कापूसवाल्यानं फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोन या वास्तुशिल्पज्ञाकडून हे घर आखून घेतलं. १८६० साली काम सुरू झालं. १८६१ साली उत्तर आणि दक्षिणेत युद्ध पेटलं आणि उत्तरेकडून आलेले कारागीर हत्यारं टाकून घरी निघून गेले. बत्तीस खोल्यांपैकी तळघरातल्या नऊच पुऱ्या झाल्या. नट १८६४ मध्ये वारला. त्याचं कुटुंब तळघरातच राहिलं. वरचे मजले आजही नुसत्या विटा आणि उघड्या तुळयांचे आहेत. कामगारांचं सामानही तिथेच पडून आहे.

त्या उघड्या घुमटाखाली उभी असताना मला आपला वऱ्हाड आठवला. ज्या युद्धानं हे घर थांबवलं, त्याच युद्धानं आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आणला. अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा झाला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला, कित्येक पेढ्या बुडाल्या. आमच्या गावात जिनिंगच्या जुन्या भिंती पाहत मी लहानाची मोठी झाले. सरकी आणि रुईचा वास माझ्या नाकात बसलेला आहे. पण माझ्या गावचा भाव नॅचेझच्या मळ्यांशी बांधलेला होता, हे मी मुलांना कधी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी कड्यावर आलो. नदीपलीकडे लुईझियानाचा सपाट मुलूख आहे. सूर्य नदीवरच मावळतो. हिरवळीवर चादर अंथरून आम्ही मग्रिब पढलो. प्रवास नव्वद मैलांचा, म्हणून बाकीच्या नमाजा कसर होत्या. मग्रिबच्या तीन रकात मात्र पूर्ण. सलाम फिरवल्यावर बहीण बराच वेळ नदीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "अब्बांना हे आवडलं असतं." तिनं अब्बांचं नाव काढलं, हे त्या सहलीत पहिल्यांदाच.

एका पत्राची गोष्ट

रात्री खोलीवर मुलांनी गोष्ट सांगायचा हट्ट धरला. मी याच गावातली गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

पश्चिम आफ्रिकेत, आजच्या गिनी देशात, फुता जालोन नावाचं मुस्लिम राज्य होतं. तिथल्या राज्यकर्त्याचा मुलगा अब्दुल रहमान इब्राहिमा. शिकलेला, फौजेचा सरदार. १७८८ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, एका लढाईत तो पकडला गेला आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकला गेला. समुद्र ओलांडून डोमिनिका बेट, तिथून न्यू ऑर्लीन्स आणि मग नदीनं वर नॅचेझ. थॉमस फॉस्टर नावाच्या शेतकऱ्यानं त्याला विकत घेतलं. तो सांगत राहिला, की माझे वडील सोनं देऊन मला सोडवतील. कुणी ऐकलं नाही. तो पळाला, कित्येक दिवस जंगलात राहिला. पण जायचं कुठे? परत आला. आधी तंबाखूच्या, मग कापसाच्या शेतात राबला. इसाबेला नावाच्या गुलाम बाईशी त्याचं लग्न झालं. त्यांना पाच मुलगे आणि चार मुली झाल्या.

१८०७ साली नॅचेझजवळच्या वॉशिंग्टन नावाच्या खेड्यातल्या बाजारात तो रताळी विकत होता. तिथे घोड्यावरून जाणाऱ्या एका गोऱ्या डॉक्टरनं त्याला ओळखलं. जॉन कॉक्स हा आयरिश डॉक्टर तरुणपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला असताना रस्ता चुकला होता, आजारी पडला होता, आणि अब्दुल रहमानच्या वडिलांनी त्याला सहा महिने आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. त्या पाहुणचाराची आठवण ठेवून कॉक्सनं त्याला पैसे देऊन सोडवायचा प्रयत्न केला. फॉस्टरनं नकार दिला. कॉक्स १८१६ साली वारला, तरी सुटका झाली नव्हती.

१८२६ साली अब्दुल रहमाननं अरबीत एक पत्र लिहिलं. गावातल्या एका छापखानेवाल्यानं ते पुढे पाठवलं. पत्र मोरोक्कोतल्या अमेरिकन वकिलापर्यंत आणि तिथून तिथल्या सुलतानापर्यंत गेलं. सुलतानानं त्याच्या सुटकेची इच्छा कळवली. शेवटी १८२८ साली, राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या काळात, फॉस्टर तयार झाला. अट अशी, की त्यानं अमेरिकेत मोकळा माणूस म्हणून राहायचं नाही, आफ्रिकेला जायचं. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून इसाबेलाला सोडवलं. नऊ मुलं मात्र फॉस्टरकडेच.

नवरा-बायको उत्तरेच्या शहरांमध्ये फिरले. मुलांच्या सुटकेसाठी पैसे गोळा करत. तो ॲडम्स यांना भेटला. लोक त्याला अरबीत काहीतरी लिहून मागायचे. एकदा त्याला ख्रिस्ती प्रार्थना अरबीत लिहायला सांगितली. त्यानं लिहून दिली सूरह फातिहा. तो कागद आजही जपून ठेवलेला आहे.

पैसे पुरे पडले नाहीत. १८२९च्या फेब्रुवारीत दोघं मुलांना मागे सोडून जहाजात बसले. लायबेरियाच्या किनाऱ्यावर उतरल्यावर काही महिन्यांतच, जुलैमध्ये, तापानं तो वारला. वय सदुसष्ट. आपलं गाव त्यानं परत पाहिलंच नाही. जमलेल्या पैशातून दोन मुलगे आणि त्यांची कुटुंबं सुटली आणि १८३० साली इसाबेलाजवळ पोहोचली. बाकीची मुलं मिसिसिपीतच राहिली.

गोष्ट संपली तेव्हा धाकटा झोपला होता. भाची जागी होती. तेरा वर्षांची मुलगी. ती म्हणाली, "खाला, चाळीस वर्षांत तो लिहायला विसरला कसा नाही?"

वाचलं होतं ते सांगितलं, की कामातून थोडी विश्रांती मिळाली की तो बोटानं मातीत अक्षरं काढायचा.

ती थोडा वेळ गप्प राहिली. "शाळेत सगळ्यांना वाटतं आपण इथे कालच आलो." मग म्हणाली, "मला उर्दू येत नाही. नानांची पत्रं अम्मी वाचून दाखवते."

बहीण अंधारात पडून ऐकत होती. तिनं काही म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट लिहिते. आपली माणसं नोकरीसाठी, शिकायला, विमानानं आणि आपल्या मर्जीनं तिकडे जातात. त्यांचं दूर असणं आणि अब्दुल रहमानचं दूर असणं एका तराजूत घालू नये. आणि ही गोष्ट सांगताना आपली बाजू तेवढी उजळ ठेवू नये. फुता जालोनमध्येही गुलाम होते. पुढे फॉस्टरच्या मळ्यावर दुसऱ्या गुलामांकडून काम करून घेण्याची जबाबदारीही अब्दुल रहमानवर आली होती. आणि गुलामांच्या बाजारात आपले मुसलमान व्यापारीही होते. आपल्या अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर लहानपणी हबशांच्या मुलखातून विकला जाऊनच दख्खनमध्ये आला होता. खुलताबादला त्याची कबर आहे. मी दर वर्षी मुलांना तिथे नेते आणि त्यानं वसवलेल्या शहराबद्दल बोलते. तो कुणाकडून विकला गेला, हे सांगायचं नेहमी राहून जातं.

रविवार

सकाळी फोर्क्स ऑफ द रोडला गेलो. गावापासून मैलभर, जुने रस्ते फुटतात त्या नाक्यावर. १८३३ साली कॉलऱ्याच्या भीतीनं गुलामांचे व्यापारी शहराच्या हद्दीबाहेर काढले गेले, तेव्हा त्यांनी इथे बाजार मांडला. दक्षिणेच्या या भागात न्यू ऑर्लीन्सच्या खालोखाल हाच मोठा. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून शेकडो मैल साखळदंडात चालवत माणसं इथे आणायचे. आता तिथे गवत, माहितीचे फलक आणि काँक्रीटमध्ये पक्क्या केलेल्या लोखंडी बेड्या आहेत, बस्स. २०२१ साली ही जागा राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. तिकीट नाही. फाटक नाही. शेजारून गाड्या जात असतात. सहज निघून जाल, दिसणारही नाही.

इथे माझी चूक झाली. मी वर्गात बोलते तशी बोलायला लागले. किती माणसं, कुठून आणली, आई एका गिऱ्हाइकाला आणि मूल दुसऱ्याला. मी फलकाकडे पाहून बोलत होते, मुलांकडे नाही. धाकट्यानं आईचा हात घट्ट धरला आणि रडायला लागला. "मला पण नेतील का?"

बहीण त्याला उचलून गाडीकडे गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं. शब्द एकही नाही. त्या नजरेला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस वर्षं शिकवते आहे मी. आठ वर्षांच्या मुलाला काय आणि किती सांगावं, हे मला कळायला हवं होतं.

मी गाडीपाशी गेले. धाकट्यासमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "नाही बेटा, तुला कुणी नेणार नाही. तो बाजार बंद झाला. तो कसा बंद झाला ते सांगू?" तो हो म्हणाला. मग फक्त एवढंच सांगितलं, की १८६३ साली उत्तरेची फौज नॅचेझला आली. तेव्हा मोकळे झालेले कितीतरी काळे पुरुष स्वतः शिपाई झाले. आणि त्याच शिपायांनी या बाजाराच्या कोठड्या मोडून टाकल्या.

"स्वतःच्या हातांनी?"

"हो. स्वतःच्या हातांनी."

तो उतरला, परत मैदानात गेला आणि बेड्यांपाशी उभा राहिला. बहीण त्याच्या मागे गेली. मेहुणे आणि मी गाडीपाशीच थांबलो. बहिणीनं त्या बेड्यांवर पडलेली वाळकी पानं हातानं बाजूला केली. मी तिथे जाऊन काही बोलले नाही. एवढं तरी शिकले.

त्यानंतर नॅचेझ ट्रेस पार्कवेवर गाडी घेतली. हा रस्ता नॅचेझपासून नॅशव्हिलपर्यंत ४४४ मैल जातो. त्यावर ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, वेग ताशी पन्नास मैलांपर्यंतच. दहाव्या मैलाच्या जवळ एमराल्ड माउंड आहे. युरोपियन येण्याच्या कितीतरी आधी इथल्या मूळ लोकांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेली आठ एकरांची टेकडी. मुलं वर चढली, धावली, गवतावर लोळली. ज्यांच्यावरून गावाला नाव मिळालं, त्या नॅचेझ लोकांनी १७२९ साली फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. हरल्यावर त्यांतल्या शेकडो जणांना कॅरिबियन बेटावर गुलाम म्हणून विकण्यात आलं. हे मी मनात ठेवलं. त्या वेळी मुलांना धावू देणंच योग्य होतं.

वेळ असेल तर दुपारी विल्यम जॉन्सनचं घर पाहा. प्रवेश मोफत आहे. जन्मानं गुलाम, १८२० साली अकरा वर्षांचा असताना मोकळा झालेला हा न्हावी. त्यानं १८३५ पासून मरेपर्यंत, सोळा वर्षं, रोजनिशी लिहिली. त्या गावाचं त्या काळातलं रोजचं आयुष्य एका काळ्या माणसाच्या लेखणीतून आपल्याला कळतं. आणि हाच जॉन्सन पुढे स्वतः गुलाम बाळगत होता. १८५१ साली जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला. पाहणारे साक्षीदार काळे होते. काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. मारणारा 'मी गोरा आहे' असं म्हणत राहिला आणि सुटला. या घराबद्दल मुलांशी बोलायचं असेल, तर मोठ्या मुलांशी बोला. लहानांना कात्री-वस्तऱ्याची गोष्ट पुरे.

असरच्या सुमारास परतीला लागलो. मग्रिब घरी पढलो.

तुम्ही जाल तेव्हा

वाचक भगिनींनो, नॅचेझच काय, कुठल्याही देखण्या जुन्या गावाला जायचं असेल, तर माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते.

सुंदर ते पाहायला लाजू नका. थकलेल्या माणसाला नदी, झाडं आणि शांत संध्याकाळ यांची गरज असते. बहीण बरोबर होती.

पण वाडा पाहिलात, तर तो कुणी बांधला, कुणी पुसला आणि पंखा कुणी ओढला, हे विचारा. नॅचेझच्या मार्गदर्शकांना हे विचारलेलं आवडतं. आणि जिथे वाडा नाही, नुसतं गवत आहे, ती जागा घरूनच यादीत लिहून घ्या. रस्त्यात ती आपोआप दिसणार नाही.

मुलांचं वय पाहून बोला. ती विचारतील तेवढंच आधी सांगा. भीती दाखवून थांबू नका. सुटका कशी झाली, कुणी केली, तिथपर्यंत गोष्ट न्या.

आणि अब्दुल रहमानबद्दल आणखी वाचायचं असेल, तर टेरी अलफर्ड यांचं १९७७ साली निघालेलं 'प्रिन्स अमंग स्लेव्ह्ज' हे इंग्रजी पुस्तक आहे. त्यावर २००७ साली त्याच नावाचा माहितीपटही निघाला. जाण्याआधी मोठ्या मुलांबरोबर पाहा.

परतताना गाडीत भाचीनं वही पुढे केली आणि म्हणाली, "खाला, माझं नाव उर्दूत लिहा." मी लिहिलं. तिनं त्याखाली चार वेळा गिरवलं. वळणं वाकडी होती, नुक्ते भलतीकडे. मी तशा वह्या रोज तपासते, लाल पेन आपोआप हातात येतं. त्या दिवशी मी पेन बंद केलं.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. आता दर रविवारी ती मुलीला अब्बांचं एक पत्र घेऊन बसते. मुलगी एकेक शब्द जोडून वाचते. पहिल्या पत्राला तीन रविवार लागले. बहीण म्हणाली, "आपा, मला वाटायचं ती पत्रं आता मी एकटीच वाचणार."

अल्लाह आपल्या दूरच्या माणसांना आपल्याजवळ ठेवो. आमीन.